चाळीस माणसांचा गोठा

२१ जानेवारी १७८८, सोमवार

जोथम दरवर्षी पंचांगाच्या पानांमध्ये कोरी पानं शिवून देतो. बर्फ किती पडला, कुठली गाय व्याली, कोण वारलं, एवढंच मी त्यांवर आजवर लिहीत आले. आज जास्त लिहावंसं वाटतंय.

गावसभेनं आज जोथमला प्रतिनिधी निवडलं. तेरा राज्यांवर एक बळकट सरकार आणणारी नवी घटना फिलाडेल्फियात लिहून झाली आहे. ती आमच्या न्यू हॅम्पशायरनं मान्य करायची की नाही, ते पुढच्या महिन्यात एक्झेटरला ठरेल. जोथमचं नाव माझ्याच भावानं सुचवलं. एलिफलेट गावच्या पलटणीचा कॅप्टन आहे, चौकातली सराई त्याचीच, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला की अर्धं गाव मान हलवतं. मी मात्र त्याला अजून लिफच म्हणते.

सभेवरून तो सरळ आमच्याकडे आला. चुलीपाशी बूट शेकत सांगत होता, "मी म्हटलं, माझा मेहुणा सुतार आहे. फळीवर रेघ मारून द्या, करवत रेघेबाहेर जायची नाही. सगळे हसले, किझी, पण हात किती वर झाले? एक्केचाळीस!"

"आणि विरुद्ध?"

"नऊ. चर्चचा डीकन पिल्सबरी आणि त्याचे घटनावाले. त्यांना पोर्ट्‌समथच्या व्यापाऱ्यांच्या कोटांची भूल पडली आहे."

रेघ म्हणजे गावाचा लेखी हुकूम. तो लिफनंच लिहिला. आमच्या प्रतिनिधीनं या घटनेच्या विरुद्ध मत द्यावं. जोथमनं त्याची घडी करून खिशात ठेवली.

लिफ गेल्यावर मी विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?"

"ते मला अजून कुणी विचारलेलं नाही," तो म्हणाला आणि लाकडं आणायला गेला.

२ फेब्रुवारी

कडाक्याची थंडी. जोथम अजून तुळया तासतोय. हात फुटलेत, मी चरबी चोळून दिली.

ऑगस्टात आमचा गोठा जळला, तो आमच्याच चुकीनं. पाऊस येणार म्हणून गवत घाईनं भरलं, ते आत ओलं होतं. आतल्या आत तापत गेलं आणि नवव्या दिवशी पेटलं. गुरं वाचली. आठही गुरं लिफनं आपल्या गोठ्यात घेतली आणि "बहिणीची गाय आहे, भाडं दुधात घेईन" असं म्हणून दूधही घेतलं नाही.

नव्या गोठ्याच्या चार चौकटी. प्रत्येक चौकट जमिनीवर जोडायची आणि चाळीस माणसांनी खांद्यांनी, मग काठ्यांनी रेटून उभी करायची. गवतकापणीच्या आधीचा, २६ जूनचा गुरुवार ठरला आहे. सगळं गाव येणार, आणि नेहमीसारखी हाक लिफ देणार. चौकट उभी करताना हाक एकाचीच असते, तिथे दुसरा आवाज चालत नाही.

गोठा झाला नाही तर गुरं हिवाळा काढणार नाहीत. गुरं गेली तर आम्हालाही इथून जावं लागेल. लिहिल्यावर ते बरंच मोठं दिसतंय.

२५ फेब्रुवारी

जोथम काल परतला. काहीच ठरलं नाही. बैठक जूनपर्यंत पुढे ढकलली, आणि ढकलायच्या बाजूनं जोथमनंही हात वर केला. लिफला ते त्याच्या आधीच कळलं होतं.

"ढकलली?" दारातूनच तो ओरडला. "त्यांची मतं कमी पडत होती म्हणून त्यांनी ढकलली! आणि तू त्यांना चार महिने दान दिलेस?"

"हुकमात पुढे ढकलण्याबद्दल काही नव्हतं," जोथम म्हणाला.

"वकील झालास की काय एक्झेटरला?" मग माझ्याकडे वळून, "हा घरी काय बोलतो, किझी?"

"काही नाही. खरंच काही नाही."

लिफ हसला. "लहानपणी मध चोरलास तेव्हाही असेच कोरडे हात एप्रनला पुसत होतीस."

पण मी खोटं बोलले नव्हते. काल जेवताना जोथम एवढंच म्हणाला होता, की मान्य करा म्हणणारी माणसं त्याला वाटलं होतं तशी नाहीत. ते काही सांगण्यासारखं नव्हतं.

११ मार्च

वार्षिक गावसभा. जोथमनं उभं राहून विनंती केली, की हुकूम मागे घ्या, मला ऐकून-समजून मत देऊ द्या. चव्वेचाळीस विरुद्ध सहा. हुकूम कायम. मागच्या बाकावरून कुणीतरी "रेघ, जोथम, रेघ!" म्हणालं आणि हशा झाला. आमची लोइस बायकांसोबत बाहेर जिन्यावर उभी होती. चौदा वर्षांची आहे. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं, मग म्हणाली, "आई, बाबा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. तेच मला आवडलं नाही."

१९ मार्च

आमच्या नेथनला जाऊन आज दहा वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी मी त्याचं पत्र काढते. तो सतरा वर्षांचा होता. लिफ पलटणीसाठी मुलं जमवत होता, नेथनचं नाव त्यानंच लिहून घेतलं. तो व्हॅली फोर्जच्या छावणीतून परत आला नाही. तापानं गेला, असं लिफला माहीत आहे. ते खोटं नाही.

पत्रात असं आहे: "आई, पायांना गोणपाट बांधलंय. बर्फात रक्ताची पावलं उमटतात, त्यावरून कोण कुठे गेला ते कळतं. कर्नलसाहेब म्हणतात, काँग्रेस मागते, राज्यं ऐकून घेतात, पण पाठवत कुणीच नाही. प्रत्येकाला वाटतं, शेजारचा पाठवेल. जोडे कुठेतरी गाड्यांवर पडून आहेत म्हणे, पण घोडे द्या असा हुकूम कुणी सोडायचा, तेच ठरलेलं नाही." आणि शेवटी: "लिफमामाला जोड्यांचं सांगू नकोस. माझं नाव त्यानं लिहून घेतलं होतं. त्याला लागेल."

मी सांगितलेलं नाही. दहा वर्षं झाली.

या वर्षी जोथमनं पत्र मागितलं. इतक्या वर्षांत त्यानं त्याला हातही लावला नव्हता. खिडकीशी उभं राहून त्यानं ते तीनदा वाचलं आणि विचारलं, "राज्यं ऐकून घेतात, पाठवत कुणी नाही. असंच लिहिलंय ना?"

"असंच."

मला बरं वाटलं. माणूस उशिरा का होईना, मुलासाठी रडू शकला म्हणजे त्याचं मन मोकळं होतं. रडला मात्र नाही.

२७ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर ब्लेक कुटुंब बसतं. आज ते मागे जाऊन बसले. लाकडी पेटीची मागणीही त्यांनी परत घेतली. अजून मत दिलेलंसुद्धा नाही!

१८ मे

काळ्या माश्यांनी जीव नकोसा केला आहे. चौथी चौकट तासून झाली. लिफ चौकटी बघायला आला आणि अर्धा तास दोघं पूर्वीसारखे खुंट्यांवरून वाद घालत होते. मला इतका आनंद झाला की मी सफरचंदाच्या सायडरचं नवं पिंप उघडलं. तिथेच चूक झाली. सायडर पोटात गेलं की लिफला राज्यकारभार आठवतो.

"एवढं मोठं छप्पर कशाला?" तो म्हणाला. "गळायला लागलं तर बघायला दहा दिवस घोड्यावर जायचं? आणि वर बसलेला म्हणणार, इकडे तर कोरडं आहे!"

"आणि तेरा खांब आपापल्या शेतात उभे राहिले, तर त्याला काय म्हणायचं?"

"कुंपण! कुंपण बरं. कुंपणाला राजा लागत नाही."

जोथम हसला. मीही हसले. लिफनं पेला खाली ठेवला. "हसू नकोस, जोथम. राजा घालवायला तुझा पोरगा गेला. माझ्या पलटणीतून गेला. आता दुसरा बसवायला तू हात वर करणार असशील, तर मी कशासाठी त्याचं नाव लिहिलं?"

जोथमनं तासणी उचलली आणि आधीच गुळगुळीत असलेली तुळई पुन्हा तासायला लागला.

१५ जून, रविवार

उद्या तो कॉन्कर्डला निघतो. या वेळी बैठक तिथे आहे.

मी आज त्याच्यासमोर हात जोडले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असं मी कधी केलं नव्हतं. म्हटलं, जोथम, मला घटनेतलं कळत नाही. एका माणसाच्या मतानं घटना अडत असेल तर अडू दे, होत असेल तर होऊ दे. पण चौकटी आपल्याच आहेत, आणि त्या उचलणारे हात त्या चव्वेचाळीसांचे आहेत. नाही म्हण आणि घरी ये.

तो माझे हात धरून बसला. मग म्हणाला, "नेथनचं पत्र देशील? सोबत नेतो."

मी लगेच आणून दिलं. मुलाची सोबत असली की माणूस हट्ट करत नाही, असं मला वाटलं.

"हुकूम पाळशील ना?" मी सरळच विचारलं.

"रेघ कुठे आहे, ते बघतोय," तो म्हणाला.

संध्याकाळी मी मुद्दाम लिफकडे गेले. सांगितलं, काळजी करू नकोस, तो रेघेबाहेर जाणार नाही, मला तसं म्हणालाय. लिफनं माझ्या डोक्यावर थोपटलं. "माहीत होतं मला. मी सगळ्यांना सांगतो."

२० जून

मेंढ्या कातरल्या. लोइस आणि मी घेवडे निवडतो आहोत. चाळीस माणसांचं जेवण म्हणजे तीन दिवस आधीपासून सुरुवात करायला हवी. डुकराचं खारवलेलं मांस पुरेल. रम लिफ देणार आहे.

२३ जून

झालं.

दुपारी डीकन पिल्सबरी घोड्यावरून उतरले तेव्हा मी अंगणात होते. त्यांचा चेहरा आनंदानं लाल झाला होता, आणि मी त्यांच्यासारखी आनंदात नाही हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

"सत्तावन विरुद्ध सत्तेचाळीस, बाई! नववं राज्य आपलं. तेरांपैकी नऊ पुरे होते. आता घटना लागू झाली!"

"जोथम?"

"हो म्हणाला." मग आवाज खाली आणून, "बऱ्याच जणांनी वेगळी वाट काढली. ज्यांना विरुद्ध मताचा हुकूम होता, ते मतदानाच्या वेळी बाहेर जाऊन बसले. तोही जाऊ शकला असता. पण तो उभा राहिला, खिशातून कागद काढून वाचला आणि हो म्हणाला. मी बाहेरच्या गर्दीत होतो, शब्द ऐकू आले नाहीत. पण आतली खोकणारी माणसंसुद्धा गप्प झाली होती, म्हणतात."

म्हणजे गावाचा हुकूम सगळ्यांसमोर वाचून मग तो मोडला! एवढं करायची काय गरज होती? बाहेर जाऊन बसला असता तर मी लिफला काहीतरी सांगितलं असतं. ताप आला होता म्हटलं असतं.

तो अंधार पडायच्या आत आला. मी ताट वाढलं आणि बोलले नाही. आज मला तो आवडत नाही. हे लिहायला नको, पण दुसरं काय लिहू? पत्र पेटीत परत ठेवलेलं दिसलं. घड्या घामानं मऊ झाल्या आहेत.

२४ जून

सकाळी लिफनं आमची आठही गुरं अंगणात आणून सोडली. स्वतः हाकत आणली. माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "तू म्हणालीस, तो रेघेबाहेर जाणार नाही. मी सराईत सगळ्यांना सांगितलं. आता ते माझ्यावर हसतात."

"लिफ, मला खरंच..."

"तुझ्या नवऱ्याला सांग, परवा माझ्या हाकेची वाट बघू नको. आणि माझं नाव त्याच्या तोंडात नको, त्याचं माझ्या तोंडात येणार नाही."

जोथम चार हातांवर उभा होता. सगळं ऐकत होता.

२५ जून

घरोघर गेले. सव्वीस दारं. ब्लेकबाई म्हणाली, "किझाया, तुझ्याबद्दल काही नाही. पण ज्याला आमचा शब्द दिला तो आमचा शब्द विकून आला." विकला नाही, मी म्हटलं, काय मिळालं त्याला? "तेच तर कळत नाही," ती म्हणाली. दार लावताना हळू लावलं, एवढी दया केली.

तिसऱ्या दारानंतर मी रडायचं बंद केलं. पंधराव्यानंतर मी काय बोलत होते तेही मला आठवत नाही. एका घरात म्हातारीनं मला बसवून ताक दिलं आणि म्हणाली, "मुलगे सराईत आहेत, पोरी. ते कॅप्टनला विचारतील." सगळे कॅप्टनलाच विचारतील.

परत येताना ठरवलं, उद्या कुणी आलं नाही तर गुरं विकायची आणि व्हरमाँटला माझ्या चुलतभावाकडे जायचं. वाटेत नेथनची आठवण झाली. त्याची कबर इथे नाहीच. मग इथून गेलो तर मागे काय राहतं? पण असंही वाटलं, की तो परत आला तर याच घरी येईल. चाळीस पार केलेल्या बाईनं असं लिहू नये.

घेवडे रटरटत ठेवलेत. चाळीस माणसांचे. मला कमी करवेना.

२६ जून, गुरुवार

सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी सहाला डीकन आणि त्यांचे पाच जण आले. जोथम धरून सात. पहिली चौकट गवतात पडून होती. सात माणसांनी ती जमिनीवरून हात-दीड हात उचलली आणि परत ठेवली. डीकन टोपी काढून कपाळ पुसत होते. रस्त्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे तिकडेच बघत होते. लोइसनं विचारलं, "आई, भाकऱ्या झाकून ठेवू?"

आठला लिफ आला. मागे दहा-बारा जण, ब्लेकचा थोरलाही. लिफचा चेहरा असा होता की मला वाटलं, रात्रभर आजारी असावा. तो जोथमकडे बघत नव्हता. चौकटींभोवती एक फेरी मारली, माणसं मोजली आणि मला म्हणाला, "एकोणीस. चार चौकटी होणार नाहीत. दोन होतील. त्याला सांग."

मी चार पावलांवर उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं, "दोन होतील."

"बरं," जोथम म्हणाला. "त्याला सांग, दुसरी आणि तिसरी घेऊ."

मी सांगितलं. दिवसभर अशीच मी मध्ये. खुंटी आहे का विचार. आहे म्हणून सांग. डीकनांना हसू येत होतं, पण हसायची कुणाची हिंमत नव्हती.

त्यांतली एक चढली. पुढची छातीपर्यंत आली, मग डोक्यावर, मग काठ्या लागल्या. लिफ एका दगडावर उभा राहून हाक देत होता, "एकदम... हो! एकदम... हो!" जोथम खाली गुडघ्यावर बसून लोखंडी पहारीनं खांबाच्या बुडाची जीभ, कुसू, खाचेकडे वळवत होता. कुसू अडकलं. चौकट एका बाजूला कलली, काठीवाल्यांपैकी कुणाचा तरी पाय गवतावरून सरकला, आणि तो सगळा भार जोथमच्या हातांवर येताना मी बघितला.

"जोथम! सोड! हात काढ, जोथम!"

हाक दगडावरून आली होती. पहार वाजत पडली. जोथम मागे आडवा झाला. चौकट अर्धा क्षण डोलली आणि कुसू आपोआप खाचेत जाऊन बसलं, धप्प असा आवाज झाला. जोथम आपल्या दहा बोटांकडे बघत बसला होता. लिफ दगडावरून खाली उतरला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

दोन चौकटी, वर तुळया, वासे. अर्धा गोठा. चार गुरं मावतील, चार विकावी लागतील. सगळे जेवायला बसले, लिफ बसला नाही. मी त्याच्या मागे कुंपणापर्यंत ताट घेऊन गेले.

"ताट नको," तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघत, "कॉन्कर्डहून परतणारा, टोप्या विकणारा एक जण काल सराईत उतरला होता. सांगत होता, एका सुतारानं भरसभेत मेलेल्या मुलाचं पत्र वाचलं. बर्फातल्या रक्ताच्या पावलांचं."

तर तो कागद हा होता! आणि तो त्याच्या खिशात मीच ठेवला होता.

"जोडे नव्हते त्याला," लिफ म्हणाला. "दहा वर्षं तू मला ताप म्हणून सांगतेस."

"तापच होता, लिफ."

"टोपीवाला म्हणाला, शेवटच्या ओळीला तो सुतार थांबला. ओठ हलले, पण वाचली नाही. घडी केली आणि मत दिलं." आता तो माझ्याकडे बघत होता. त्याला साठ वर्षं झालीत, हे मला पहिल्यांदा दिसलं. "त्या ओळीत माझं नाव होतं का, किझी?"

मी ताट कुंपणावर ठेवलं.

"होतं," मी म्हणाले. "लिफमामाला सांग, मी मजेत आहे. त्याची आठवण येते. एवढंच."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला, आणि मी ते एप्रनला पुसत होते. पीठ लागलं असावं.

मग त्यानं टोपी घातली. गवतात पडलेल्या उरलेल्या दोन चौकटींकडे मान करून म्हणाला, "त्याला सांग, त्या झाकून ठेव. भिजल्या तर वाकतील."